शिकाऊ सिस्टरचा थकवा

नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना येणारा थकवा दोन जातींचा असतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एक थकवा कामाचा. ड्युटीचे तास, सकाळचे लेक्चर, अपुरी झोप, तोंडावर आलेली परीक्षा, वॉर्डातली गर्दी आणि सतत कोणाची तरी बोलणी खाणे, या सगळ्यातून माणूस महिनोन्‌महिने झिजत जातो. त्याला बर्नआउट म्हणतात. दुसरा थकवा इतरांचे दुःख रोज जवळून पाहिल्याचा. तो ड्युटी हलकी असतानाही येतो, कधी एकाच रात्रीत येतो आणि रुग्णाबद्दल ज्याला फारसे काही वाटत नाही त्याच्या वाट्याला सहसा जात नाही. त्याला करुणेचा थकवा म्हणता येईल. पहिल्यावर रजा आणि झोप हा निदान तात्पुरता उतारा असतो. दुसऱ्यात रजेवर घरी आलेली मुलगी जेवणाच्या ताटावरही वॉर्डातलाच विचार करत बसते.

बर्नआउट हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो 1974 साली. न्यूयॉर्कमध्ये मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी तिथल्या उत्साही स्वयंसेवकांची काही महिन्यांत होणारी अवस्था त्या नावाने मांडली. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन खुणा धरल्या आहेत: भावनिक दमणूक, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही. नोकरीच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आजार म्हटले की उपचार एकट्या व्यक्तीवर होतात आणि कामाची जागा नामानिराळी राहते. करुणेचा थकवा ही संज्ञा मात्र नर्सिंगमधूनच आली. अमेरिकेतल्या कार्ला जॉइन्सन यांनी 1992 मध्ये रुग्णालयातल्या परिचारिकांबद्दल लिहिताना ती वापरली आणि मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी 1995 मध्ये तिला शास्त्रीय चौकट दिली. दुसऱ्यावर कोसळलेला आघात ऐकता-पाहता त्याची लक्षणे सांभाळणाऱ्यातही उमटतात, असे त्यांचे म्हणणे होते.

ही लक्षणे ओळखू येतात, पण त्यांची नावे वेगळीच ठेवली जातात. पहिल्या वर्षी पेशंटची वेणी घालून देणारी मुलगी तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे न बघता सलाइन बदलते, तेव्हा ‘आता तयार झाली’ असे कौतुक होते. नातेवाइकाने दुसऱ्यांदा तेच विचारले की ती खेकसते. तेव्हा ती उर्मट ठरते. ठरावीक वॉर्डात पोस्टिंग लागले की पोट बिघडते, डोके धरते, ताप आल्यासारखे वाटते. तेव्हा ती कामचुकार ठरते. झोपेत मॉनिटरचा आवाज ऐकू येणे, नीट दिलेल्या इंजेक्शनबद्दलही होस्टेलवर परतल्यावर शंका येणे, घरच्यांच्या साध्या दुखण्याची चीड येणे, आणि त्या चिडीची पुन्हा स्वतःलाच लाज वाटणे, हीही या थकव्याचीच रूपे. यातले सर्वांत फसवे लक्षण म्हणजे काहीच न वाटणे. मृत्यू पाहून रडणारी विद्यार्थिनी ट्यूटरच्या नजरेत येते. न रडता पुढच्या बेडकडे जाणारी येत नाही.

या मुली कोणत्या घरांतून येतात हे पाहायला उदाहरण म्हणून अणदूरचा परिसर घेता येईल. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गावर अणदूर आहे. या पट्ट्यातल्या कुटुंबांना नर्सिंग का आकर्षक वाटते हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे. केंद्र सरकारने 2018 मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यांपैकी हा एक. अशा ठिकाणी बारावीनंतर दोन वर्षांत एएनएम, तीन वर्षांत जीएनएम किंवा चार वर्षांत बीएस्सी नर्सिंग करून मुलीच्या हाताला हमखास काम मिळते, हा हिशेब आईवडिलांना पटतो. सतरा वर्षे पूर्ण झाली की प्रवेश मिळतो. म्हणजे ज्या वयात घरातल्या आजीचे आजारपणही तिच्यापासून थोडे लपवले जाते, त्या वयात ती अनोळखी माणसाचे स्पंजिंग करायला उभी राहते. घराने फीसाठी काढलेले पैसे तिला ठाऊक असतात. ‘जमत नाही’ हे वाक्य उच्चारणे म्हणूनच तिला फार महाग पडते.

मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत शिकाऊ विद्यार्थिनीसमोर जे येते तेही या भूगोलातूनच येते. फवारणीचे औषध पिऊन आलेला शेतकरी हा इथला नेहमीचा पेशंट. वॉर्डाच्या भाषेत तो ‘पॉइझनिंगची केस’ असतो. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, तोंडाला येणारा फेस आणि छातीतला घरघर आवाज यांवर नजर ठेवून अ‍ॅट्रोपिनचा डोस ठरत असतो. ती नोंद दर काही मिनिटांनी कोणीतरी करायची असते आणि ते कोणीतरी पुष्कळदा विद्यार्थिनीच असते. समोरचा माणूस वयाने आणि परिस्थितीने तिच्या वडिलांसारखा असला, तर नोंदी करणारा हात आणि आतले मन यांची फारकत व्हायला वेळ लागत नाही. सर्पदंश, महामार्गावरचे अपघात, दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेली किलोभर वजनाची बाळे, हे सगळे आहेच. पण जुन्या सिस्टर सर्वांत कठीण मानतात तो भाजलेल्यांचा वॉर्ड. खूप भाजलेली बाई पहिल्या दिवशी शुद्धीवर असते. ती बोलते, पाणी मागते, मुलांची चौकशी करते. मृत्युपूर्व जबाब घ्यायला कार्यकारी दंडाधिकारी येतात, पोलीस येतात आणि ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य कागदावर उतरते. ड्रेसिंग करताना तिने सिस्टरला याहून वेगळे काही सांगितलेले असू शकते. पुढच्या काही दिवसांत जंतुसंसर्ग वाढून ती जाते. ऐकलेले घेऊन विद्यार्थिनीने कुठे जायचे, याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या कुठल्या युनिटमध्ये सापडणे अवघड आहे.

नोकरी करणाऱ्या परिचारिकेपेक्षा विद्यार्थिनीची अवस्था एका बाबतीत अधिक बिकट असते. तिच्याकडे काम आहे, अधिकार नाही. वेदनाशामक वाढवायला हवे हे तिला कळते, पण डॉक्टरला सांगायचे तर आधी इन्चार्ज सिस्टरला सांगावे लागते आणि इन्चार्ज सिस्टरच्या हातात त्या क्षणी चाळीस कामे असतात. तिची नेमणूक शिकण्यासाठी आहे. वॉर्ड मात्र तिला मनुष्यबळ म्हणून मोजतो. पेशंट तिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, मावशी आणि वॉर्डबॉय तिला ‘पोरगी’ म्हणतात आणि केस बुक अपुरे राहिले तर ट्यूटर तिला विद्यार्थिनी असल्याची आठवण करून देतात. नर्सिंगला येणाऱ्या मुलांचे, म्हणजे ‘ब्रदर’चे, आणखी एक दुखणे आहे: त्यांनी हळवे होण्याची कोणाची अपेक्षाच नसते, त्यामुळे त्यांचा थकवा विचारातही घेतला जात नाही.

या सगळ्याचा सर्वांत भेदक अभ्यास जुना आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधल्या इझाबेल मेंझिस यांना एका शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयाने 1950च्या दशकात बोलावले. प्रश्न व्यवस्थापनाचा होता: विद्यार्थिनींना कुठल्या वॉर्डात कसे फिरवायचे, त्याचे वेळापत्रक बसत नव्हते. मेंझिस यांना दिसले ते असे, की शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते आणि त्यांतल्या बहुतेक जणी स्वतःहून जात होत्या. 1960च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा आहे, की मृत्यू, घाण, वेदना आणि उघडे शरीर यांच्या सान्निध्यातून येणारी भीती रुग्णालय कोणाला बोलू देत नाही. त्याऐवजी ती दाबून टाकतील अशा रीती तयार करते. एका परिचारिकेला एक रुग्ण न देता तीस रुग्णांचे एकेक काम द्यायचे, म्हणजे ओढ लागणार नाही. रुग्णाला नावाने न ओळखता बेडच्या क्रमांकाने आणि अवयवाने ओळखायचे. विद्यार्थिनींना सतत वॉर्ड बदलायला लावायचे. प्रत्येक छोटा निर्णय वर ढकलायचा. नियम इतका घट्ट धरायचा, की झोपेची गोळी देण्यासाठी झोपलेल्या माणसाला उठवले जाते.

या रीतींनी भीती कमी होत नाही, असे मेंझिस यांचे निरीक्षण होते. उलट, ज्या गोष्टीसाठी मुली या व्यवसायात आल्या ती, म्हणजे एखाद्याला आपल्या हाताने बरे होताना पाहण्याचे समाधान, त्याच रीतींमुळे हातातून जाते. शिवाय ज्या मुली सोडून जात होत्या, त्यांत अधिक समज आणि कुवत असलेल्यांचा भरणा दिसत होता. आपल्याकडच्या वॉर्डात ‘सात नंबरला बीपी’, ‘कोपऱ्यातला लिव्हर’ ही भाषा ऐकलेल्या कोणालाही हा निबंध परका वाटणार नाही. लंडनच्या त्या रुग्णालयात पैसे नव्हते किंवा शिस्त नव्हती असे नाही. तिथली शिस्तच थकवत होती.

अर्थात, शिस्त चांगली असली तरी हात कमी असतील तर उपयोग नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये मांडला. एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता 23 टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढत होती. परिचारिकेचा थकवा हा तिचा खासगी प्रश्न नाही, हे याहून स्पष्ट आकड्यांत क्वचितच सांगितले गेले असेल. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. जमिनीवर गाद्या टाकलेल्या सरकारी वॉर्डात रात्रपाळीला किती सिस्टर असतात, हे ज्याने कधी नातेवाईक म्हणून रात्र काढली आहे त्याने आठवून पाहावे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. करुणा मर्यादित साठ्यासारखी असते, वापरली की संपते, म्हणून नर्सने ती जपून खर्च करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी मेंदूच्या स्कॅनसह केलेल्या प्रयोगांतून वेगळे चित्र पुढे आले. दुसऱ्याचे दुःख जसेच्या तसे स्वतःत उतरवून घेणे आणि त्याचे दुःख हलके व्हावे अशी ओढ वाटणे, या दोन वेगळ्या क्रिया निघाल्या. पहिल्याच्या सरावाने माणसे खिन्न होत गेली. दुसऱ्याच्या सरावाने त्यांची उभारी परतली. या हिशेबाने पाहिले तर करुणेचा थकवा हे नावही थोडे चुकीचेच. माणूस थकतो तो वेदना झेलून आणि ती हलकी करण्याचा मार्ग हाती नसल्यामुळे. विद्यार्थिनीच्या जागी नेमके हेच घडते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अणदूरलाच आहे. तेव्हाच्या औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या ‘हॅलो’ या गटातून बाहेर पडलेले डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी अणदूरला काम सुरू केले आणि त्यातून हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे राहिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली तो हाच प्रदेश; तिथे सावरणारे आणि सावरायचे असलेले कित्येकदा एकाच घरातले होते. फाउंडेशनच्या कामातला सर्वांत ओळखीचा भाग म्हणजे ‘भारतवैद्य’. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या बायकांना प्राथमिक उपचार, गरोदर स्त्रिया आणि कुपोषित मुलांची देखभाल, कोणता रुग्ण वेळीच पुढे पाठवायचा याची पारख, हे सगळे शिकवून त्यांच्याच गावात उभे करायचे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून चालवलेल्या ग्रामीण आरोग्याच्या प्रयोगाशी त्याचे नाते आहे, आणि अशाच कामासाठी ‘आशा’ कार्यकर्त्या सरकारी योजनेतून आल्या त्या 2005 नंतर.

भारतवैद्य आणि वॉर्डातली शिकाऊ सिस्टर यांची तुलना थोडी ओढूनताणून वाटेल, पण थकव्याच्या प्रश्नावर ती उपयोगी पडते. भारतवैद्य बाईकडे औषधांची छोटी पेटी असते, तिची कुवत मर्यादित असते, पण त्या मर्यादेच्या आत निर्णय तिचा असतो. तिने ओआरएस पाजलेले मूल आठवड्याने अंगणात खेळताना तिला दिसते. जे तिच्या हाती नाही ते कोणाकडे पाठवायचे हे ठरलेले असते. वॉर्डातल्या विद्यार्थिनीला रुग्ण बरा होऊन गेला की त्याचे पुढे काय झाले कळत नाही आणि दगावला तर ती दुसऱ्या वॉर्डात पोचलेली असते. तिला प्रत्येक माणसाच्या गोष्टीतले मधलेच पान वाचायला मिळते. भारतवैद्य होणे म्हणजे सुख असेही नाही. तिची ड्युटी संपत नाही, रात्री दार वाजते ते शेजाऱ्याचेच असते, आणि मार खाऊन आलेली बाई ज्या घरातली, त्या घराशी तिचे रोजचे जाणे-येणे असते. तरीही वरिष्ठांच्या भीतीने गप्प बसण्याचा आणि कोणाच्याच उपयोगी न पडल्याचा शीण तिच्या वाट्याला कमी येतो.

नर्सिंगच्या शिक्षणात काय बदलता येईल, याचे धागे इथूनच मिळतात. बहुतेक महाविद्यालये ताणावर उपाय म्हणून योगाचे एक सत्र आणि एक व्याख्यान ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण त्याने ड्युटीचा तक्ता बदलत नाही. विद्यार्थिनीला दर पोस्टिंगमध्ये निदान दोन-तीन रुग्ण दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत पूर्ण सोपवले, तर केस बुकही चांगले होते आणि तिला शेवटचे पानही वाचायला मिळते. वॉर्डात मृत्यू झाल्यावर, विशेषतः पहिला मृत्यू पाहिल्यावर आणि मृतदेह बांधण्याचे काम केल्यावर, त्याच दिवशी ट्यूटरने पंधरा मिनिटे बसून काय झाले हे विचारणे याला खर्च शून्य आहे. बोस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्‌झ 1995 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठका आता अनेक देशांतल्या रुग्णालयांत होतात. त्यांत डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी एकत्र बसून एखाद्या रुग्णाने आपल्या मनावर काय केले तेवढेच बोलतात, उपचारांची चिकित्सा होत नाही. आपल्या उतरंडीत अशी बैठक बसवणे अवघड आहे हे खरे. पण मेट्रनबाईंनी स्वतः एकदा आपली आठवण सांगितली, तर पहिल्या वर्षाच्या मुलीला बोलायला दुसरे निमंत्रण लागत नाही.

परिचारिकांना देवदूत म्हणण्याची सवयही कमी करता आली तर बरे. 12 मेचा परिचारिका दिन आला की हारतुरे होतात, दीप उजळून नाइटिंगेलच्या नावाने शपथ घेतली जाते. त्या नाइटिंगेलबाई क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर वर्षानुवर्षे आजारी होत्या आणि आकडेवारी, अहवाल, पत्रे हे आपले मोठे काम त्यांनी बरेचसे खोलीत पडूनच केले, हे मुलींना कोणी सांगत नाही.

थकवा आणि आजार यांची सीमा मात्र ट्यूटर आणि घरच्यांनी ओळखायला हवी. इतरांची काळजी घेण्याचे काम करणाऱ्यांसाठी बेथ स्टॅम यांनी बनवलेली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते; तिच्यात कामातून मिळणारे समाधान, बर्नआउट आणि दुसऱ्याच्या आघाताचा परिणाम या तीन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. तिने निदान होत नाही, कल कळतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणे नको अशी भाषा येत असेल, तर तो नैराश्याचा भाग असू शकतो आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञच लागतो. औषधांची कपाटे ज्यांच्या हाताशी असतात त्यांच्या बाबतीत हे अधिकच गंभीर. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि मराठीतून बोलता येते.

मदत मागण्याआड येणारी सर्वांत मोठी गोष्ट साधी आहे: हजेरी. परीक्षेला बसण्यासाठी ऐंशी टक्के आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे शंभर टक्के तास भरावे लागतात. म्हणजे आज मन सावरायला घेतलेली सुट्टी उद्या जादा ड्युटी होऊन परत येते, बहुधा दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत. नियमामागचे कारण योग्य आहे. अपुऱ्या सरावाची सिस्टर कोणालाच नको. पण तास भरून काढण्याची मुदत, त्यासाठी कोणता वॉर्ड द्यायचा आणि समुपदेशनाला गेलेला वेळ कुठे धरायचा, एवढे ठरवणे महाविद्यालयाच्या हातात असते. ते लेखी ठरवून प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थिनीला आणि तिच्या आईवडिलांना वाचून दाखवता येते.